गाडीचा मागचा दिवा

आम्ही दूध आणि भाजी गोळा करणाऱ्या गटाच्या बाया बोलतोय. आज तिघीच स्टुडिओत आलोय, पण बोलणं अकराजणींचं आहे. कागद एकीने लिहिलाय, वाचतेय दुसरी, आणि तिसरी शेजारी बसलीय ती चुकलं की कोपर मारायला.

मागच्या खेपेला इथूनच आम्ही लोणच्याला बुरशी का येते ते सांगितलं होतं. आजचा विषय गाडीच्या मागच्या दिव्याचा आहे. हा कसला बायकांचा विषय, असं घरात कुणी म्हणालं तर म्हणू द्या. रेडिओचा आवाज मात्र कमी करू नका.

आमच्या गटाकडे एक जुनी व्हॅन आहे. कर्ज काढून घेतली, कर्ज फिटलं, व्हॅन अजून चालतेय. पहाटे तिच्यातून दुधाचे कॅन डेअरीवर जातात, बाजाराच्या दिवशी मेथी-कोथिंबीर जाते, अडीनडीला बाळंतीणही जाते. चालवणाऱ्या आमच्यात दोघी. बाकीच्या नऊजणींचं गाडीशी नातं एवढंच, की दार उघडून बसायचं आणि दार आपटून उतरायचं. पेट्रोल, हवा, पासिंग हे सगळं त्या दोघींनी बघायचं, आणि काही बिघडलं की गाडी तालुक्याच्या गॅरेजला.

गेल्या उसाच्या हंगामातली गोष्ट आहे. तोडणी जोरात होती. संध्याकाळचे सात वाजले असतील, दिवस लहान, त्यामुळे चांगलाच अंधार होता. आम्ही बाजार करून परत येत होतो. गाडीत पाचजणी आणि रिकाम्या पाट्या. पुढे उसाने भरलेली बैलगाडी होती म्हणून आमची गाडी अगदी हळू, रस्त्याच्या डाव्या कडेने चाललेली. तेवढ्यात मागून धाडकन आवाज आला आणि सगळ्या पाट्या आमच्या अंगावर आल्या.

उतरून बघितलं तर शेजारच्या गावातला मुलगा. एकोणीस-वीस वर्षांचा. मोटरसायकल रस्त्यात आडवी, आणि तो कडेला बसलेला, एक हात दुसऱ्या हाताने धरून. शुद्धीवर होता. आम्हाला बघून पहिलं वाक्य बोलला ते हे, "काकू, मला वाटलं पुढं मोटरसायकल आहे."

आम्हाला आधी कळेचना. एवढी मोठी व्हॅन, आणि मोटरसायकल कशी वाटेल? मग आमच्यातली एक जरा लांब मागे जाऊन बघून आली, आणि गप्पच झाली. व्हॅनचा डावा दिवा लागलेला होता, उजवा बंद. अंधारात मागून येणाऱ्याला रस्त्याच्या डाव्या कडेला एकच लाल ठिपका दिसत होता. एक ठिपका म्हणजे दुचाकी. तो पोरगा त्या ठिपक्याच्या उजवीकडून पुढे काढायला गेला, आणि तिथे आमच्या गाडीचा उरलेला अर्धा भाग होता.

खांद्याजवळचं, गळ्याखालचं हाड मोडलं त्याचं. दीड महिना हात गळ्यात होता.

आता पुढचं सांगायला जड जातंय, पण सांगायचं ठरवूनच आलोय. तो दिवा त्या दिवशी गेला नव्हता. चार दिवस आधी डेअरीवरच्या माणसाने सांगितलं होतं, "वहिनी, तुमची उजवी लाईट लागत नाही." गाडी चालवणाऱ्या दोघींनी ते बैठकीत सांगितलं, म्हणजे आम्हा अकराजणींना माहीत होतं. गॅरेजला न्यायची म्हणजे दुधाची फेरी बुडणार, तेव्हा बाजार उरकल्यावर नेऊ, असं ठरलं. गटाच्या वहीत तसं लिहिलंय. ते पान अजून आहे.

नंतरच्या बैठकीत बोलणी झाली. पोरगं जोरात होतं, हेल्मेट नव्हतं, असं एक म्हणाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मुलाची आई आमच्या चांगल्या ओळखीची. ती भांडायला आली नाही. आली, चहा घेतला, आणि जाताना विचारलं, "तो बल्ब केवढ्याला येतो गं?" तीस रुपयांना येतो, हे आमच्यातल्या एकीच्याही तोंडून निघालं नाही. दवाखान्याच्या खर्चातला अर्धा वाटा गटाने उचलला. त्याला दोघींचा विरोध होता, अजूनही आहे, आणि तो विषय निघाला की आम्ही अजूनही भांडतो.

बरं. गॅरेजवाल्याने बंपर ठोकून सरळ केला, दिव्यात नवा बल्ब घातला, पैसे घेतले. अठरा दिवसांनी तोच उजवा दिवा परत गेला. त्या दिवशी मात्र आम्ही गाडी अंगणातून हलवली नाही. आमच्या गावात एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांना बोलावलं. काका म्हणाले, "मी हात लावणार नाही. मी बाजेवर बसतो, तुम्ही उघडा." दोन रविवार ते बाजेवर बसले. आज सांगतोय ते सगळं त्या दोन रविवारचं आहे.

पहिली गोष्ट आम्हाला कळली ती म्हणजे ज्याला आपण मागचा दिवा म्हणतो तो एकटा नसतो. अंधारात सतत लागलेला लाल दिवा वेगळा, ब्रेक दाबल्यावर भडक होणारा वेगळा, वळताना लुकलुकणारा पिवळा, गाडी मागे घेताना पांढरा, आणि नंबर प्लेटवर उजेड पाडणारा एक बारीक. आता गंमत अशी की जुन्या गाड्यांत सतत लागणारा लाल आणि ब्रेकचा लाल बहुतेक वेळा एकाच बल्बमध्ये असतात. त्या बल्बच्या पोटात दोन तारा. एक ५ वॅटची, ती मंद लागते. दुसरी २१ वॅटची, ती ब्रेकला. बल्बच्या पितळी बुडावर लिहिलेलंच असतं, १२ व्होल्ट, २१/५ वॅट. त्यामुळे ब्रेक लाईट लागते पण नुसता दिवा लागत नाही, असं होऊ शकतं. एक तार तुटली, दुसरी शाबूत.

दुसरी गोष्ट करंटच्या रस्त्याची. बॅटरीतून, म्हणजे गाडीच्या बॅटरीतून, आमच्याकडे टॉर्चलाही बॅटरी म्हणतात म्हणून सांगितलं. तर बॅटरीतून करंट फ्यूजमध्ये येतो, तिथून बटनात, तिथून लांब वायरीने मागे बल्बपर्यंत. बल्ब पेटवून त्याला परत बॅटरीकडे जावं लागतं. परत जायला वेगळी लांब वायर नसते. गाडीचा पत्रा हीच परतीची वाट. दिव्यापासून एक छोटी वायर निघते आणि जवळच पत्र्याला बोल्टने कसलेली असते. तिला अर्थिंग म्हणतात. आम्ही नऊजणी तोपर्यंत समजत होतो की करंट बल्बपर्यंत आला म्हणजे काम झालं. येण्याच्या वाटेवर बिघाड झाला तरी दिवा जातो, जाण्याच्या वाटेवर झाला तरी जातो.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, इंजिन बंद. दोघीजणी लागतात. एक आत बसते, एक मागे उभी राहते. आतली एकेक बटन लावते, मागची ओरडून सांगते. ब्रेक दाब. दाबला. सोड. सोडला. आमच्या अंगणात पहिल्या दिवशी हे ऐकून शेजारची सासू काय चाललंय ते बघायला आली होती. एकटी असाल तर अंधार पडल्यावर गाडी मागच्या बाजूने भिंतीजवळ लावा. लाल उजेड भिंतीवर पडतो, आरशात डावा-उजवा बरोबर कळतो. काही गाड्यांत चावी न फिरवता ब्रेक लाईट लागते, काहींत चावी फिरवावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

एवढं बघितलं की मग काकांचा एकच प्रश्न असायचा, "एका बाजूचा गेलाय का दोन्ही?" आम्हाला आधी हा प्रश्न उगाच वाटायचा. पण अर्धं काम इथंच होतं. एकाच बाजूचा गेला तर दोष बहुतेक त्या बाजूलाच आहे. बल्ब, बल्बचा होल्डर किंवा अर्थिंग. दोन्ही बाजूचे एकदम गेले तर दोन बल्ब एकाच दिवशी कशाला मरतील? तेव्हा पुढे बघायचं. फ्यूज, नाहीतर बटन. आणि दोन्ही ब्रेक लाईट एकदम गेल्या, बाकी सगळं लागतंय, तर फ्यूज बघायचा आणि ब्रेकच्या पायट्याला असलेलं छोटं बटन बघायचं. इंडिकेटरची खूण वेगळी. एका बाजूला नेहमीपेक्षा भराभर टिकटिक वाजायला लागलं तर त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा एक बल्ब गेलाय, असं पुष्कळ गाड्यांत असतं.

आमचा एका बाजूचा होता. म्हणून बल्ब काढायचं ठरलं. दिवे बंद करा, चावी काढा, बल्ब थंड होऊ द्या. काही गाड्यांत लाल झाकणाचे दोन स्क्रू बाहेरूनच दिसतात, काहींत डिकी उघडून आतून होल्डर फिरवून काढावा लागतो. बल्ब मात्र घरातला जुना पिवळा बल्ब काढतो तसाच निघतो. आत दाबायचा आणि डावीकडे फिरवायचा. अडकला असेल तर फडक्यात धरा, काच फुटली तर हात कापतो. काढलेला बल्ब उजेडासमोर धरायचा. तार तुटलेली दिसते, किंवा काच आतून काळी पडलेली असते. आमच्या बल्बची तार शाबूत होती. तरीपण आम्ही म्हटलं, नवाच आणू.

आणि इथे आम्ही चूक केली. जुना बल्ब घरीच ठेवून एकीला दुकानात पाठवलं. तिने सांगितलं, "गाडीच्या मागच्या लाईटचा बल्ब द्या." दुकानदाराने इंडिकेटरचा दिला. दिसायला सारखाच, पण आत एकच तार. बुडाच्या दोन्ही बाजूंना पितळेचे बारीक खिळे असतात ना, ते इंडिकेटरच्या बल्बला समोरासमोर सारख्या उंचीवर असतात. दोन तारांच्या बल्बला एक वर, एक खाली. मुद्दाम तसे केलेले असतात, चुकीचा बल्ब बसू नये म्हणून. पण आम्ही बायका, घट्ट झाकणं उघडायची सवय. जोर लावला आणि बसवला. मग लाईट लावली की ब्रेक लाईटसुद्धा लागायची, आणि ब्रेक दाबला की नंबर प्लेटवर उजेड! काका बाजेवर पोट धरून हसले. दोन तारांचा बल्बसुद्धा उलटा दामटून बसवता येतो. मग दिवा सतत भडक आणि ब्रेक दाबला की जेमतेम. मागच्या माणसाला ब्रेक मारल्याचं कळतच नाही. म्हणून दुकानात जाताना जुना बल्ब पदरात बांधून न्या, बुडावरचे आकडे जुळवा, आणि बसवताना जोर लागला तर थांबा.

बरोबर बल्ब आणला, बसवला. लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. दार आपटलं तर विझला.

म्हणजे बल्बचं दुखणं नव्हतंच. होल्डरमध्ये टॉर्च मारून बघितलं. पितळेची भांडी महिनाभर न घासता ठेवली की कशी कळंकतात, तसा हिरवा-पांढरा थर होता. खाली पाणीही होतं, चमचाभर. झाकणाला बारीक चीर गेलेली, बहुतेक त्या धडकेतच, आणि आम्ही रोज दूध सांडलं म्हणून गाडी मागून पाइपने धुतो. चिरेतून पाणी आत जात होतं. होल्डर साफ करायला काचकागदाचा बारीक तुकडा पेन्सिलीला गुंडाळला आणि आत हलक्या हाताने फिरवला. बॅटरीची काळी, मायनसची वायर आधी सोडली होती, कारण आत काही धातूचं लागलं तर ठिणगी पडते. खालच्या पितळेच्या टिकल्या स्प्रिंगवर असतात, त्या दबून बसल्या असतील तर जराशा वर येतील असं बघायचं. मग कोरडं फडकं, मग दोन तास ऊन. झाकणाची चीर पारदर्शक सिलिकॉनने बुजवली आणि झाकणामागची रबराची पट्टी सरळ करून बसवली. होल्डरला अगदी नखभर व्हॅसलीन. जास्त नको.

आता दिवा लागला, दार आपटूनही विझेना. तरी काका उठायला तयार नाहीत. म्हणाले, "ब्रेक दाबा." दाबला, तर उजवा दिवा भडक व्हायच्या ऐवजी मलूल झाला आणि शेजारचा पिवळा इंडिकेटर मिणमिणायला लागला. भुताटकीच. इंडिकेटरचं बटन कुणी लावलेलंच नाही!

मैत्रिणींनो, तुमच्या गाडीत असं काही विचित्र दिसलं, एक दिवा लावला की दुसराच मिणमिणतो, किंवा दिवे लागतात पण जीव नसल्यासारखे, तर अर्थिंग बघा. करंटला परतीची वाट मिळत नसली की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढत परत जातो, म्हणून तो बल्ब उगाच मिणमिणतो. गॅरेजवाल्याने नवा बल्ब घातला होता तो याच कारणाने आम्हाला फार दिवस पुरला नाही. पाणी तर होतंच, पण मूळ दुखणं परतीच्या वाटेवर होतं.

याची परीक्षा सोपी आहे. हातभर वायरचा तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकं सोललेली. बॅटरीची वायर परत जोडायची, दिवे लावायचे. तुकड्याचं एक टोक दिव्याच्या अर्थिंगच्या वायरीला, सहसा काळ्या, आणि दुसरं टोक स्वच्छ, रंग नसलेल्या पत्र्याला किंवा बोल्टला लावायचं. दिवा एकदम उजळला तर दोष सापडला. आमचा असा उजळला की मागे उभी असलेली दोन पावलं मागे सरली. मग ती अर्थिंगची वायर कुठे जाते ते शोधलं. मडगार्डच्या आतल्या बाजूला एक बोल्ट, गंजून नुसता लाल भुगा. दुधाचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच झिरपत होतं. दहा नंबरच्या पान्ह्याने बोल्ट काढला, वायरीचं कडं आणि पत्रा काचकागदाने चकचकीत केला, नवा बोल्ट कसला, वरून थोडं ग्रीस. त्याला आता एक पावसाळा झाला. दिवा गेलेला नाही. खर्च एका बोल्टचा.

फ्यूजबद्दल सांगायला हवं, कारण तिथे आम्ही घाबरलो. आमचा फ्यूज शाबूत होता, पण काकांनी डबी उघडायला लावली. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कशाचा त्याचं चित्र असतं. फ्यूजवर आकडा असतो, रंगही ठरलेला असतो. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. चित्रात मागच्या दिव्यांना १० लिहिलेलं आणि तिथे बसलेला होता हिरवा. कुणी, कधी घातला देव जाणे. वारंवार फ्यूज जातोय म्हणून मोठा घालायचा, तार गुंडाळायची, सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावायची, हे सगळीकडे चालतं. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. मोठा घातला की फ्यूज राहतो आणि वायर तापते. आपल्या गाडीत ती वायर गोणपाट, पाट्या आणि सीटच्या खालून जाते, आणि वर आपण बसतो. लाल फ्यूज घाला. लगेच परत गेला तर कुठेतरी वायर सोलून पत्र्याला चिकटलीय. ते काम आम्ही घरी करत नाही, वायरमनकडे नेतो.

ब्रेकचं बटन आम्ही फक्त बघून घेतलं. पायट्याच्या वर, मुंडकं आत घालून टॉर्च मारली की दिसतं. पायटा वर आला की त्याचं बोंडूक आत दाबलं जातं आणि लाईट विझते. बोंडकासमोरचा रबराचा तुकडा झिजून पडला तर ब्रेक लाईट रात्रभर लागून राहते आणि पहाटे बॅटरी उतरलेली. गाडी बंद करून उतरल्यावर एकदा मागे वळून बघा, एवढंच.

घरातला लाईन चेक करायचा टेस्टर या कामाला चालत नाही. आमच्या एकीने आणला होता, तो लागेना, तर तिने जाहीर केलं की सगळी गाडीच मेली. तो टेस्टर घरच्या २३० व्होल्टसाठी असतो, १२ व्होल्टला लागतच नाही. त्याऐवजी एक १२ व्होल्टचा छोटा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. एक वायर पत्र्याला, दुसरी जिथे करंट यायला हवा तिथे. बल्ब लागला तर करंट आलाय. आम्ही तीन बनवलेत, एक गाडीतच असतो.

नव्या गाड्यांत एलईडी दिवे असतात. त्यांत काढायला बल्बच नसतो, पूर्ण सेट बदलावा लागतो. ते उकरत बसू नका. आणि एअरबॅगच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली पिवळ्या वेष्टनातल्या वायरी दिसल्या तर तिथे टेस्टर लावायचा नाही.

हे झालं दुरुस्तीचं. आता रस्त्याचं थोडं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. १५५ मीटर म्हणजे किती, ते आम्ही शिवाररस्त्यावर चालून बघितलं. आमची दोनशे पावलं झाली. तिथे उभं राहून आपल्या गाडीकडे बघा. चिखलाने माखलेला दिवा तेवढ्यावरून दिसत नाही, लागलेला असला तरी. ताशी ६० च्या वेगाने येणारी मोटरसायकल एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. म्हणून आता संध्याकाळी निघताना एक जण ओल्या फडक्याने दिवे आणि लाल रिफ्लेक्टर पुसते. रिफ्लेक्टरला, रेडियमच्या पट्टीला करंट लागत नाही. दिवा गेला तरी मागच्याच्या उजेडात ते चमकतं. आम्ही व्हॅनच्या दोन्ही टोकांना लाल रेडियम लावलंय, म्हणजे गाडी केवढी रुंद आहे ते कळतं.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी ट्रॉलीकडे बघा. ट्रॉलीचा दिवा ट्रॅक्टरला जोडणारी वायर तुटून लोंबकळत असते, नाहीतर दिवा असतो आणि उसाची वाढं त्याच्यावर पदरासारखी आलेली असतात. हंगामात कारखान्याची आणि पोलिसांची माणसं बैलगाड्यांना, ट्रॉल्यांना रेडियम लावतात. ते उसाखाली झाकलं तर लावून काय उपयोग? मोळ्या बांधताना आपणच असतो तिथे.

आणि रात्री वाटेतच दिवा गेला तर? गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली घ्या, चारी इंडिकेटर लावा, सगळ्या उतरून गाडीपासून लांब थांबा. मागे दगड मांडायची आपल्याकडे पद्धत आहे. ते दगड नंतर उचलत कुणी नाही, आणि पुढचा गाडीवाला त्यावर पडतो. आम्ही व्हॅनमध्ये लाल त्रिकोण ठेवलाय, तो मांडतो आणि मोजून परत घेतो.

आता गटाच्या वहीत एक पान गाडीच्या दिव्यांचं आहे. दर रविवारी दोघी, पाळीपाळीने, सगळे दिवे बघून सही करतात. अकराही जणींना बल्ब बदलता येतो. सगळ्यात वयस्कर आत्या सोडून. त्या म्हणतात, मी टॉर्च धरते. त्या टॉर्च नीट धरतात. तो मुलगाही एका रविवारी आला होता, हात बरा झाल्यावर, आईने पाठवलं म्हणून. त्याच्या मोटरसायकलची मागची लाईट बघितली तर तीही जात-येत होती. होल्डरच होता. आमच्यातल्या एकीने त्याच्याकडूनच साफ करून घेतला.

आमच्या व्हॅनचं एकच काम राहिलंय. नंबर प्लेटवरचा ५ वॅटचा बारीक बल्ब पाऊस झाला की जातो आणि ऊन पडलं की येतो. होल्डर साफ आहे, अर्थिंग बघितली. वायर डिकीच्या दारातून वाकून जाते, दार उघडून-मिटून तिथेच ती आतून तुटली असावी असा काकांचा अंदाज आहे. या रविवारी ते रबर काढून बघणार आहोत. नमस्कार.